पाच-सहा वर्षांच्या मुलांना धाडसी नेतृत्व कसं समजावून सांगावं?

व्याख्या नको, एकच प्रसंग सांगा. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले शिकवायला निघाल्या की लोक शेण-चिखल फेकत. त्या जवळ दुसरं लुगडं ठेवत, शाळेत बदलत आणि शिकवायला लागत.

इथे थांबून विचारा, ‘त्यांना भीती वाटली असेल का?’ बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात. गाडी इथेच अडते, कारण धाडस म्हणजे भीती नसणं असं मनात बसलं की घाबरट मूल स्वतःला त्यातून वगळतं. म्हणून लुगड्यावर रेंगाळा: त्रास होणार हे ठाऊक होतं, तरी तयारीनिशी गेल्या.

मग पाच मिनिटं खेळ. एकाला कुणी खेळायला घेत नाही; पहिलं कोण बोलेल? ‘ये, माझ्याकडून खेळ’ एवढं पुरे. हुकूम सोडणाऱ्याला मात्र शाबासकी देऊ नका; या वयात दादागिरीच नेतृत्व वाटते.