पहिली नोकरी कुठं धरायची?

प्रिय बाळ,

पत्र पोचलं. पुण्याच्या आयटी कंपनीची ऑफर हातात आहे आणि घरचे म्हणतायत, केमिकल इंजिनिअरला कोल्हापुरात काय ठेवलंय? शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या बघून बोलत असतील, तर त्यांचंही चूक नाही. पण ते ऊस विसरले.

पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल मिसळायची मुदत सरकारनं 2030 वरून 2025 वर आणली, तेव्हापासून साखर कारखान्यांचं निम्मं लक्ष डिस्टिलरीकडं, म्हणजे उसापासून हे अल्कोहोल काढणाऱ्या प्लांटकडं आहे. तुझे निम्मे विषय तिथं एकाच आवारात चालू असतात. साध्या डिस्टिलेशननं अल्कोहोल 95-96 टक्क्यांवर अडतं, हे तू परीक्षेत लिहिलंस. तिथं उरलेलं पाणी मॉलिक्युलर सिव्हनं (पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या थरानं) काढतात आणि वाफेचा हिशेब रोज द्यावा लागतो.

त्याहून मोठं काम स्पेंटवॉशचं, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचं. लिटरभर अल्कोहोलमागं साधारण 8 ते 15 लिटर निघतो, काळा, आम्लधर्मी. नदीत गेला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. म्हणून तो आटवून बॉयलरमध्ये जाळायचा, थेंबही बाहेर सोडायचा नाही. आटवताना नळ्यांत खवले धरतात, वाफ जास्त लागते, मग सगळ्यांना केमिकल इंजिनिअर आठवतो. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्येही सांडपाण्याचंच दुखणं. आपल्या भागात खरी मागणी इथं आहे, असं माझं स्पष्ट मत. (लग्नाच्या बायोडेटात हे शोभत नाही, ते सोड.)

पगार सुरुवातीला आयटीपेक्षा कमी मिळेल. शिफ्ट असते आणि गळीत हंगामात दिवाळीही प्लांटवर जाऊ शकते. धोरणही फिरतं: डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी बंधनं आली, पुढच्या वर्षी उठली.

तिथंच म्हातारा हो, असं म्हणत नाही. दोन-तीन हंगाम काढ. ऑफ सीझनला मशिनरी उघडतात तेव्हा रजा टाकू नकोस, आतलं सगळं तेव्हाच दिसतं. मग लोटे, कुरकुंभ, दहेज अशा केमिकल वसाहतींत जिथं जाशील तिथं मुलाखतीत बोलायला काहीतरी असेल. गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास मात्र आत्ताच धर, नंतर होत नाही.

ऑफरला उत्तर देण्याआधी ओळख काढून एखादी डिस्टिलरी बघून ये. लिटरमागं वाफ किती लागते, एवढं तिथल्या मॅनेजरला विचार. आकडा सांगितला तर अर्ज टाक. "बघावं लागेल" म्हणाला तर दुसरा कारखाना गाठ.

तुझा,
काका