सात जुलै उलटला, मग केस का सुटली नाही?

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा पेनसिल्व्हेनियात शिक्षा भोगतोय. न्यू जर्सीत त्याच्यावर चोरीच्या क्रेडिट कार्डांची जुनी केस आहे, तिचा डिटेनर, म्हणजे 'याच्यावर आमच्याकडे केस आहे, याला परस्पर सोडू नका' अशी नोटीस, तुरुंगात येऊन पडला होता. 'माझा खटला १८० दिवसांत चालवा' असा अर्ज त्याने ८ जानेवारीला तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात दिला. मे महिन्यात त्याला न्यू जर्सीच्या काउंटी जेलमध्ये आणलं. माझ्या हिशेबाने ७ जुलैला १८० दिवस भरले, पण खटल्याची तारीख ११ ऑगस्ट दिलीय. त्यातही साक्षीदार सुटीवर आहे म्हणून सरकारी वकील आता १५ सप्टेंबर म्हणताहेत. केस रद्द व्हायला नको का? प्रोबेशन (तुरुंगाऐवजी अटींवर दिलेली मोकळीक) मोडल्याचा आणखी एक डिटेनर आहे, त्याचं काय? आणि काउंटी जेलमध्ये त्याचे फार हाल होताहेत, तारखेपर्यंत त्याला परत पाठवतील का? पोचपावत्यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. — एक मावशी

उत्तर : ताई, झेरॉक्स पाठवल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसता संताप असतो, कागद नसतो.

तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती सुरू चुकीच्या दिवसापासून झालीय. राज्याराज्यांमधला डिटेनरचा करार सांगतो की कैद्याचा अर्ज सरकारी वकिलाला आणि कोर्टाला 'पोहोचवला गेल्यापासून' १८० दिवस. कैद्याने तो तुरुंगात कुणाच्या हाती दिला, तो दिवस धरत नाहीत. हे १९९३ साली फेक्स विरुद्ध मिशिगन या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं. फेक्स इंडियानाच्या तुरुंगात होता. अर्ज दिला त्या दिवसापासून मोजलं तर त्याचा खटला १९६व्या दिवशी सुरू झाला, आणि अर्ज मिशिगनला पोहोचला त्या दिवसापासून मोजलं तर १७७व्या. कोर्टाने १७७ धरले. तुरुंगाच्या ऑफिसात कागद पडून राहिला तर त्याचा भुर्दंड कैद्याला, असा त्याचा सरळ अर्थ. मला हा निकाल आजही पटत नाही, पण कायदा तोच आहे.

आता तुमच्या पावत्या. सरकारी वकिलांच्या ऑफिसच्या हिरव्या कार्डावर, म्हणजे टपालाच्या पोचपावतीवर, १९ फेब्रुवारी स्वच्छ दिसतंय. कोर्टाच्या कार्डावरचा शिक्का मात्र पुसट आहे. २० आहे की २६, मी भिंगाखाली धरून बघितलं, मला २६ वाटतंय. दोन्हीकडे पोहोचायला हवं, म्हणून नंतरची तारीख घ्यायची. २६ फेब्रुवारी धरली तर मुदत २५ ऑगस्टला संपते, २० धरली तर १९ ऑगस्टला. म्हणजे ११ ऑगस्टची तारीख कशीही मुदतीतच बसते. ८ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो अर्ज कुठल्या ट्रेमध्ये झोपला होता, हे विचारायचा तुम्हाला नक्की हक्क आहे, पण तेवढ्यावर केस सुटणार नाही.

कुणी तुम्हाला १२० दिवसही सांगितले असतील. ती मुदत वेगळी. सरकारी वकिलाने स्वतःहून कैदी मागवला तर तो राज्यात आल्यापासून १२० दिवस. तुमच्या भाच्याने स्वतः अर्ज केला, म्हणून १८०.

तेव्हा ७ जुलै सोडून द्या. तुमचं खरं भांडण १५ सप्टेंबरशी आहे. ती तारीख दोन्ही हिशेबांनी मुदतीबाहेर जाते. कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण सबळ कारण लागतं, आणि ती वाढ उघड कोर्टात, कैदी किंवा त्याचा वकील हजर असताना द्यावी लागते. साक्षीदाराची सुटी हे सबळ कारण आहे का, यावर भांडायला जागा आहे. पण भांडायला तुमच्या वकिलाने आधी 'नाही' म्हटलेलं हवं.

इथेच सगळे घसरतात. २०००च्या न्यूयॉर्क विरुद्ध हिल या खटल्यात ओहायोतून आणलेल्या आरोपीच्या वकिलाने मुदतीपलीकडची तारीख ऐकून 'चालेल, युवर ऑनर' असं म्हणून टाकलं. नंतर मुदत संपली म्हणून केस रद्द करायचा अर्ज केला, तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वकिलाने होकार दिला तिथे हक्क संपला. आरोपीला वेगळं विचारायचीही गरज नाही. मी पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारतर्फे मिळणारा वकील) असताना एकदा माझ्याही तोंडून असंच 'ठीक आहे' निघून गेलं होतं. दुपारी डायरीत दिवस मोजले तेव्हा हात गार पडले. सरकारी वकिलाने पुढे स्वतःच आधीची तारीख घेतली म्हणून निभावलं. तुमच्या भाच्याच्या वकिलाला आजच पत्र पाठवा, ईमेल नव्हे, पत्र : '१५ सप्टेंबरला आमची हरकत आहे, ती रेकॉर्डवर घ्या.'

प्रोबेशनच्या डिटेनरबद्दल वाईट बातमी आहे. कार्चमन विरुद्ध नॅश, १९८५. योगायोग बघा, तिथेही कैदी पेनसिल्व्हेनियात होता आणि डिटेनर न्यू जर्सीच्या प्रोबेशनचा. कोर्ट म्हणालं, हा करार न चाललेल्या आरोपपत्रांसाठी आहे, प्रोबेशन मोडल्याची तक्रार त्यात येत नाही. त्याला १८० दिवस लागू नाहीत. त्याची सुनावणी वेगळी मागावी लागेल, आणि दोन्ही शिक्षा एकत्र चालाव्यात ही बोलणी त्याच वेळी झालेली बरी.

परत पाठवण्याचं म्हणाल तर, एकदा आणलेला कैदी खटला न चालवता परत पाठवला तर करारानुसार तो खटलाच रद्द होतो, पुन्हा उभाच राहत नाही. २००१च्या अलाबामा विरुद्ध बोझमन खटल्यात फ्लोरिडाच्या फेडरल तुरुंगातला कैदी जेमतेम एक दिवस अलाबामाला नेऊन परत पाठवला होता, तरी केस गेली. त्यामुळे सरकारी वकील त्याला हलवणार नाहीत. आणि भाच्याने स्वतः 'मला परत पाठवा' असं लिहून दिलं, तर त्याने हा हक्क सोडला असं म्हणायला त्यांना कारण मिळेल. हाल होताहेत हे खरं असणार. औषधं मिळत नसतील, बेड नसेल, तर त्याची तक्रार जेलकडे वेगळी करू द्या, पण बदलीच्या कुठल्याही कागदावर वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

तुरुंगाच्या रेकॉर्ड ऑफिसकडून ती मूळ हिरवी कार्डं वकिलाने मागवून घ्यावीत. कोर्टाच्या कार्डावरचा शिक्का झेरॉक्समध्ये अजून फिका होतो. हरकतीवर सुनावणी झाली तर सरकारी वकील २६ म्हणणार आणि तुमचे वकील २०.