वार्धक्यावरील निबंध: भूमिका आणि पुरावा

प्रश्न : महाविद्यालयात मला वार्धक्यावर संशोधनाधारित भूमिका मांडणारा निबंध लिहायचा आहे. ‘मुलांनी आई-वडिलांना सांभाळलेच पाहिजे’ ही भूमिका चालेल का?

उत्तर : या विधानाला विरोध करणारा वाचक सापडणे कठीण आहे आणि जिथे विरोध नाही, तिथे युक्तिवादही उभा राहत नाही. त्यापेक्षा एक नेमका प्रश्न धरावा: वृद्धांच्या सुरक्षिततेचा मुख्य भार कायद्याने कुटुंबावर टाकावा, की शासनाने निवृत्तिवेतनातून उचलावा? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, पण त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये ठेवली. दुसरीकडे, इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 वयोगटासाठी दरमहा 200 रुपये, तर ऐंशीनंतर 500 रुपये आहे. दोनशे रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्या आणि दवाखान्याला जाण्याचे भाडे भागते का, हा हिशेब निबंधात मांडलाच पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

निवृत्तिवेतन वाढल्यास मुले अंग काढून घेतील, हा प्रतिपक्षाचा आक्षेप त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मगच खोडावा. मात्र पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात (या कायद्याखालील निर्वाहाचे अर्ज ऐकणाऱ्या, प्रांताधिकारी स्तरावरील यंत्रणेकडे) अर्ज करायला आई सहसा धजावत नाही, हे केवळ अनुभवावर न सोडता प्रत्यक्ष दाखल अर्जांच्या आकडेवारीशी ताडून पाहावे. त्यासाठी प्रांताधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो.