अली फारका तुरेला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक त्याला का आठवतात?

माझ्यापुरतं सांगतो: त्याच्या हातासाठी. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा हा गिटारवादक मार्च २००६मध्ये गेला. लहानपणी तो गुर्केल नावाचं एकतारी वाद्य वाजवायचा. पुढे गिटार आली तरी वळण तेच राहिलं. खालची तार घुमत राहते, वर इवलीशी सुरावट पुन्हापुन्हा फिरते, आणि कंटाळा म्हणून येत नाही. लोक याला ब्लूज म्हणत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. ब्लूजचं मूळच आमच्याकडचं, असं त्याचं म्हणणं. ग्रॅमी मिळाली तरी गडी स्वतःला शेतकरीच म्हणवायचा. नायजर नदीकाठच्या निआफुंकेत त्याची शेती होती, २००४मध्ये तो तिथला महापौरही झाला. तुमानी दियाबातेच्या कोरा या बहुतारी वाद्यासोबतचा २००५चा अल्बम आधी ऐका, शक्यतो हेडफोन लावून.