परदेशी सिनेमावरून मराठी कथा लिहिली तर ती चोरी ठरते का?

तुम्ही विचारलंय की एका कोरियन सिनेमात वडिलांच्या घरावरून भावाबहिणीत पडलेली फूट पाहिली, ती डोक्यातून जाईना, आता तीच गोष्ट नाशिकजवळच्या एका गावात बसवून दीर्घकथा लिहायची आहे. ही उचलेगिरी होईल की रूपांतर?

खुशाल लिहा. मराठीत ही वाट जुनी आहे आणि मानाची आहे. फक्त माणसांची आणि गावांची नावं बदलली की रूपांतर झालं, असं मात्र समजू नका. मूळ गोष्टीतली माणसं ज्या पेचात सापडतात तो पेच आपल्याकडे नेमका कुठे पडतो, हे हाती लागेपर्यंत थांबा.

'संशयकल्लोळ' हे नाटक घ्या. फ्रेंच नाटककार मोलियेरचं १६६० चं प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'. त्याचंच संगीत रूप 'संशयकल्लोळ' या नावानं गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ मध्ये रंगभूमीवर आणलं. घोटाळा मोलियेरचाच आहे. रस्त्यात एका तरुणीला चक्कर येते, प्रियकराची तसबीर तिच्या हातून पडते, तिला सावरणाऱ्या गृहस्थाला त्याची बायको पाहते; पुढे तीच तसबीर बायकोच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना तिला नवरा पाहतो. इथवर देवलांनी जवळपास काही हलवलं नाही. हलवलं ते त्या तरुणीचं घर. मोलियेरची नायिका चांगल्या घरातली, तिची अडचण एवढीच की बाप दुसऱ्याच श्रीमंत स्थळाचा हट्ट धरून बसलाय. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. फाल्गुनराव आपल्या बायकोवर, कृत्तिकेवर संशय घेतो तेव्हा आपण पोट धरून हसतो. पण रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ तिच्यावर संशय घेतो तेव्हा हसू जरा अडखळतं, कारण तिच्या निष्ठेवर गावानं आधीच शिक्का मारून ठेवलेला असतो. तिचं प्रेम खरं आहे हे तिला सिद्ध करावं लागतं, कृत्तिकेपेक्षा फार जास्त. मोलियेरच्या प्रहसनात हा काटा नाही; तो देवलांनी इथल्या समाजातून उचलला. म्हणून शंभर वर्षं उलटूनही ते नाटक आपलं वाटतं.

'ती फुलराणी'बद्दल तुम्हाला माहीत असेलच. पु. लं.नी १९७५ मध्ये बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक मराठीत आणलं तेव्हा लंडनच्या बोलीतून दिसणारा वर्गभेद इथे शुद्ध-अशुद्ध मराठीच्या भांडणात बसवला. आपल्याकडे बोलण्यावरून माणसाची जात, गाव, आळी सगळं जोखलं जातं, त्यामुळे तो पेच इथे आणखी घट्ट झाला.

सिनेमातलं उदाहरण हवं असेल तर 'तुंबाड'. नारायण धारपांची 'आजी' ही कथा स्टीफन किंगच्या कथेवरून बेतलेली. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही बर्वे यांना धारपांची गोष्ट एका मित्रानं ऐकवली आणि २०१८ मध्ये तिचा धागा धरून सिनेमा आला. घरात एकटा पोर आणि भयंकर आजी, हा गाभा तिथून आला. पण सिनेमात हस्तर या लोभी देवाला सोनं मिळतं आणि धान्य मिळत नाही. तो कायमचा उपाशी, आणि त्याला भुलवायला माणूस कणकेची बाहुली घेऊन विहिरीत उतरतो. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पिठाच्या डब्याकडे बघून दिवस काढले, तिथल्या माणसाला ती बाहुली वेगळीच झोंबते.

याउलट काय होतं तेही सांगतो. एकांकिका स्पर्धांच्या निमित्तानं बऱ्याच संहिता माझ्या वाचनात येतात. एकीत अमेरिकन सणाचं रात्रीचं जेवण उचलून दिवाळीत बसवलं होतं. अख्खं कुटुंब रात्री नऊ वाजता टेबलाभोवती आणि तिथे जुनी भांडणं उकरली जातात. अहो, नरक चतुर्दशीला घर एकत्र येतं ते पहाटे! बंब पेटलेला, न्हाणीघराबाहेर रांग, कुणाच्या अंगाला उटणं, कुणी अर्धवट झोपेत, आणि भावाला तेल लावता लावता बहीण खालच्या आवाजात एकच वाक्य बोलते. भांडण तिथे पेटवायला हवं होतं. लेखकानं सण बदलला, दिवसाची वेळ बदलायची राहिली.

कायद्याचं थोडक्यात. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये एका नाटकावरून सिनेमा बेतल्याच्या खटल्यात हेच धरलं: दोन्ही कृती पाहणाऱ्याला ही सरळ नक्कल आहे असंच वाटलं तर उल्लंघन. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे त्याचं साहित्य सर्वांना खुलं होतं, म्हणून मोलियेर मोकळा आहे. तुमचा सिनेमा मोकळा नाही. प्रसंगामागून प्रसंग घेणार असाल तर परवानगी काढा. नुसती ठिणगी घेणार असाल तरी कथेच्या सुरुवातीला सिनेमाचं नाव लिहा. त्यानं तुमचा मान तसूभरही कमी होत नाही.

आता तुमची गोष्ट. कोरियन भावंडं कशावरून भांडतात ते बाजूला ठेवा. नाशिककडच्या गावात वडील गेल्यावर पहिला विषय निघतो तो हक्कसोडपत्राचा. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. तरी बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाते, फोटो काढून घेते, अंगठा देते आणि हिस्सा सोडते, कारण माहेरचा उंबरा उघडा राहायला हवा. तुमच्या नायिकेनं सही नाकारली तर भाऊ काय बोलेल हे सगळ्यांना ठाऊक आहे; आई काय बोलेल ते लिहा. ती स्वतः तिच्या भावांना हिस्सा सोडून आलेली आहे. तो प्रसंग आधी लिहून काढा, मग सिनेमा परत बघायची गरज पडते का ते पाहा.