वाचकांचे प्रश्न: आठ वर्षांची नोंद आणि पावसाची सरासरी

प्रश्न : आमच्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची ८ वर्षांची नोंद पाहिली. सरासरी तालुक्याच्या जुन्या सरासरीपेक्षा ८० मिमीने कमी भरते. पाऊस घटला असं धरून कपाशी सोडावी का?
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : एवढ्यावरून पीक बदलू नका. वर्षाचा पाऊस सरासरीपासून साधारण २०० मिमी इकडे-तिकडे होतो असं धरा. या २०० ला वर्षांच्या वर्गमुळाने भागलं की सरासरी किती चुकू शकते ते कळतं : ८ वर्षांना ७१ मिमी, ३० वर्षांना ३७, ६० वर्षांना २६. तुमची ८० ची तूट नुसत्या योगायोगानेही येऊ शकते. ७१ च्या दुपटीपुढे, म्हणजे साधारण १४० च्या पुढे गेली असती तर दखल घ्यावी लागली असती. म्हणूनच जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी ३० वर्षं धरते; सध्याचा कालखंड १९९१ ते २०२०.

आता खरी पडताळणी. तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाची तीच ८ वर्षं काढा आणि त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडून बघा. तिथेही ८० च्या आसपास तूट असेल, तर ती वर्षंच कोरडी होती. नसेल, तर फरक जागेचा किंवा यंत्राचा. सातपुड्याच्या पायथ्याचा आणि तापीकाठचा पाऊस सारखा नसतोच.

यंत्राच्या गाळणीत पाला-माती अडकली की धो-धो पावसातही शून्य नोंदलं जातं. शेजारच्या तीन केंद्रांवर ४०-५० मिमी आणि इथे शून्य दिसलं, तर तो दिवस 'नोंद नाही' म्हणून लिहा, शून्य म्हणून कधीच नाही. जुलैतला ९० मिमीचा एक दिवस असा बुडाला, तर ८ वर्षांची सरासरी ११ मिमीने खाली येते.

अतिवृष्टीसाठी तर ३० वर्षंही अपुरी. ५० वर्षांतून एकदा येणारा पाऊस ८ वर्षांच्या नोंदीत सापडण्याची शक्यता जेमतेम १५ टक्के. नोंदीत नाही म्हणून बांध-चारी लहान ठेवू नका.

कपाशीचा निर्णय मात्र वार्षिक बेरजेवर घेऊच नये. जून ते सप्टेंबरमधले पावसाचे खंड किती दिवसांचे पडले ते मोजा.

प्रश्न : घरचा पर्जन्यमापक कुठे बसवावा?
– एक वाचक, शिंदखेडा

उत्तर : काठ जमिनीपासून ३० सेंमी वर आणि समपातळीत. झाड वा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर हवी. तोंड २०० चौरस सेंमीचं असेल, तर २० मिली पाणी म्हणजे १ मिमी पाऊस. रोज सकाळी साडेआठला मोजा. जागा हलवलीच, तर तारीख वहीत लिहा.