पाळी बंद, पाय फ्रॅक्चर... नुसत्या कॅल्शियमनं भागेल का?

प्रश्न : डॉक्टर, मुलगी १९ वर्षांची आहे, वजन वाढेल म्हणून दीड वर्ष अर्धी पोळी आणि काकडीवर काढतेय, पाळी आठ महिने नाही आणि आता नुसतं चालून पायाचं हाड चिरलं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्यात, पुरे ना?

उत्तर : नाही ताई, पुरणार नाही. अंगात अन्नच नसलं की मेंदू पाळीचे हॉर्मोन्स थांबवतो, इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं हॉर्मोन घटतं, मग हाड झिजतं जास्त आणि भरतं कमी, आणि हे नेमकं हाडांची पुंजी साठवायच्या वयात. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, या वयात झेड-स्कोअर, म्हणजे तिच्याच वयाच्या मुलींच्या सरासरीशी तुलना, बघतात. कोणी पाळी आणायला गर्भनिरोधक गोळ्या सुचवेल, त्यानं रक्तस्राव दिसतो, आपल्याला वाटतं झालं सगळं ठीक, पण हाड काही त्यानं सावरत नाही. खरं औषध म्हणजे वजन भरणं आणि पाळी आपली आपण येणं. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जोडीला असू द्या. हाड जुळेपर्यंत धावणं, दोरीउड्या बंद.

आणि हो, "खा गं, खा गं" म्हणून ताटाशी भांडू नका, हा हट्ट नाही, आजार आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा, आणि चक्कर येत असेल, नाडी मंद लागत असेल तर आजच.